कंसातल्या बहिणी

कोकणातला कुठलाही जुना सातबारा घ्या. भोगवटादाराच्या रकान्यात नावांची ही रांग लागलेली असते. पणजोबांचे चार मुलगे, त्यांतल्या दोघांचे वारस, एकाची विधवा, मुंबईला गेलेले, मुंबईलाच वारलेले आणि वारल्याची नोंद करायला कोणी फिरकलंच नाही असेही. क्षेत्र बघावं तर वीस-बावीस गुंठे, त्यातलं निम्मं पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. या गर्दीत बहिणी कुठे आहेत ते शोधलं तर दोन जागा सापडतात. जुन्या उताऱ्यावर त्या उजवीकडच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात असतात. सोसायटीचा बोजा आणि विहिरीतल्या पाण्याचा हिस्साही तिथेच लिहिलेला असतो. अलीकडच्या उताऱ्यावर त्या रीतसर भोगवटादार होतात आणि थोड्याच दिवसांत, पुढचा फेरफार मंजूर झाला की, त्यांच्या नावाला कंस पडतो. कंस पडला म्हणजे नाव कमी झालं.

हा कंस बेकायदा नसतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी बापाच्या मिळकतीची वारस झाली. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीतही तिला जन्मतः हिस्सा दिला, पण तोवर लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ साली केंद्राने कायदा बदलला तेव्हा ही अट राहिली नाही. २००५ मध्ये बाप हयात होता की नव्हता यावरून वर्षानुवर्षं चाललेला घोळ सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मिटवला. एवढं सगळं झाल्यावर बहिणीचं नाव उताऱ्यावरून जायला एकच सोपी वाट उरते, ती म्हणजे नोंदणीकृत हक्कसोडपत्र. ते तिच्याच सहीने होतं.

तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हा कार्यक्रम कसा होतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. भाऊ रिक्षा करून बहिणीला आणतो. मसुदा वकिलाकडून टाइप होऊन आलेला असतो. त्यात ‘स्वखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता’ हे शब्द असतातच. बाई कॅमेऱ्यासमोर बसते, फोटो निघतो, स्कॅनरवर अंगठा टेकवते. ‘वाचलंत ना? मान्य आहे ना?’ असं विचारलं जातं आणि ती मान हलवते. भाऊ तिच्या खुर्चीमागे उभा असतो, कारण तिला खाली उतरवून घरी न्यायचं तोच करणार असतो. सगळं मिळून दहा मिनिटंही लागत नाहीत.

माझा मुद्दा या दहा मिनिटांविषयी आहे. अशा तऱ्हेने घेतलेल्या सहीला राज्याने पूर्ण संमती मानावं का? माझं उत्तर आहे, मानू नये. पण ते उत्तर ज्या कारणांनी सहसा दिलं जातं ती कारणं मला पुरेशी वाटत नाहीत.

या विषयावर आपल्याकडे दोनच ठरलेल्या बाजू आहेत. एक म्हणते, हा सरळसरळ दबाव आहे, बायकांना लुबाडलं जातं. दुसरी म्हणते, बहिणीने भावासाठी सोडलं, यात तुमचं काय गेलं? आमच्यात नाती हिशोबावर चालत नाहीत. पहिली बाजू बहिणीला अजाण ठरवते. दुसरी तिला देव्हाऱ्यात बसवून तिचा वाटा खिशात घालते. प्रत्यक्षात काय होतं ते समजून घ्यायला समाजमानसशास्त्रातलं गेल्या चाळीसेक वर्षांतलं काम बरंच उपयोगी पडतं, आणि त्यातलं महत्त्वाचं काम भारतातच झालंय.

१९८० च्या दशकात रिचर्ड श्वेडर आणि एडमंड बोर्न यांनी भुवनेश्वरच्या आणि शिकागोच्या लोकांना ओळखीच्या माणसांचं वर्णन करायला सांगितलं. शिकागोकर म्हणायचे, तो मनमिळाऊ आहे, ती हट्टी आहे. ओडिशातले लोक बहुतेक वेळा सांगायचे की तो कोणाशी, कधी, कसा वागतो. सणाला आमच्या घरी काय पाठवतो, पाहुणा आला की काय करतो, असं. जोन मिलर यांनी १९८४ साली म्हैसूर आणि शिकागोच्या लोकांना ओळखीच्यांच्या वागण्याची कारणं विचारली. अमेरिकेत वय वाढेल तसं लोक वागण्याचं खापर माणसाच्या स्वभावावर फोडत गेले. म्हैसुरात वय वाढेल तसं परिस्थिती, नातं, प्रसंग यांच्याकडे बोट दाखवत गेले. आठ वर्षांच्या मुलांत मात्र दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. म्हणजे हे रक्तात नसतं, वाढता वाढता अंगात मुरतं. पुढे १९९१ मध्ये हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी या साऱ्याची एक चौकट मांडली. काही समाजांत ‘मी’ म्हणजे इतरांपासून वेगळा, आपल्या आवडीनिवडींनी ओळखला जाणारा माणूस. काही समाजांत ‘मी’ म्हणजे नात्यांच्या गुंत्यातली एक गाठ.

सिंधुदुर्गात अनोळखी गावात गेलात तर पहिला प्रश्न येतो, ‘तू खंयचो? कोणाचो झील?’ म्हणजे कुठला, कोणाचा मुलगा. नाव नंतर. वाडी, आडनाव, कुलदैवत, मामाचं गाव कळलं की समोरच्याला तुम्ही कळलात. मला वाटतं, मार्कस-कितायामांचा लेख आमच्या बाजारात एक फेरी मारली तरी निम्मा समजेल.

अर्थात ही चौकट कोकणावर जशीच्या तशी टाकताना जपून. २०१४ साली थॉमस तालहेम आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या विद्यार्थ्यांच्या चाचण्यांवरून असा दावा केला की भात पिकवणाऱ्या भागांत माणसं परस्परावलंबी होतात, गहू पिकवणाऱ्या भागांत स्वतंत्र वृत्तीची, कारण भाताला पाणी आणि मजूर वाटून घ्यावे लागतात. आम्ही भातवाले, तेव्हा हे वाचून कोणालाही मान डोलवावीशी वाटेल. पण त्या मांडणीचा मोठा भार सिंचनाच्या पाण्यावर आहे आणि कोकणातलं भात बव्हंशी पावसावर. शिवाय इथला माणूस पिढ्यान् पिढ्या मनीऑर्डरवर जगला. त्याचा एक पाय गिरणीत होता. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार करायचा की नाही हे लालबाग-परळच्या खोलीत बसलेलं ग्रामस्थ मंडळ ठरवायचं, आता ते दिवा-नालासोपाऱ्यात ठरतं. अशा माणसाला एका शिक्क्यात बसवता येत नाही. तरी जमिनीचा विषय निघाला की हाच माणूस ‘मी’ सोडून ‘आमचं घर’ बोलायला लागतो.

या सगळ्यात मला सगळ्यात कामाचं वाटलं ते कृष्णा सावनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम. २००८ च्या एका अभ्यासात त्यांना दिसलं की अमेरिकन माणसाला जे आवडतं तेच तो बहुधा निवडतो. भारतीयांत आवड आणि निवड यांचा धागा त्या मानाने सैल असतो. २०१० मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. रोजच्या ज्या कृतींना अमेरिकन लोक ‘ही माझी निवड’ म्हणतात, तशाच कृतींना भारतीय लोक निवड म्हणायला तेवढे तयार नसतात. आणि २०१२ चा अभ्यास तर थेट आमच्या दुय्यम निबंधकाच्या खुर्चीपाशी येऊन थांबतो. अधिकाराच्या जागी असलेली व्यक्ती, आईबाप म्हणा, वरिष्ठ म्हणा, नुसती मनात आणून दिली तरी भारतीय सहभागींची निवड बदलली. त्यांचं मत मात्र बदललं नाही. अमेरिकनांत तसं झालं नाही. वडीलधाऱ्यांची इच्छा माणसाने आपलीशी केली असती तर मतही बदललं असतं. ते जागच्या जागी राहिलं आणि हात मात्र दुसऱ्या वस्तूकडे गेला.

मान हलवताना बहिणीचं नेमकं काय होतं, त्याचं यापेक्षा नेमकं वर्णन मला कुठे मिळालेलं नाही. कायदा सहीवरून मत ओळखायला जातो. आपल्याकडे सहीवरून फार तर एवढं कळतं की सही करताना मनात कोण होतं.

माझ्या आत्याला एकदा मी हे विचारलं होतं. मे महिना होता, ती खळ्यात रातांबे फोडत बसली होती. सालं एका टोपात, गर-बिया दुसऱ्या टोपात, बोटं लालभडक. जमीन का सोडलीस, म्हटलं. तिने वर न बघता सांगितलं, ‘भावाकडसून वाटो घेवन काय करू? गणपतीक खंय जाव मगे?’ मी म्हटलं, म्हणजे तुला नकोच होती. तर ती थांबली. ‘माका नको होती असा नाय. पण मागूची कशी?’ आणि पुढचं फळ फोडलं. तिच्या त्या दोन वाक्यांत आवड वेगळी आहे आणि निवड वेगळी आहे. दोन्ही खऱ्या आहेत. तिला कोणी धमकावलं नव्हतं. माझे काका साधे गृहस्थ होते, तिला दर गणपतीत साडी नेसवायचे, नारळ-तांदूळ बांधून द्यायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

म्हणून मी ‘दबाव’ हा शब्द वापरायला कचरतो. जोन मिलर, रेखा दास आणि शर्मिष्ठा चक्रवर्ती यांनी २०११ मध्ये दाखवलं की भारतीयांना कर्तव्य म्हणून केलेली गोष्टही आपण होऊन केल्यासारखी वाटते आणि ती करण्यात समाधानही मिळतं. अमेरिकेत कर्तव्याचा भार वाढला की आपण होऊन करत असल्याची भावना कमी होते. तेव्हा बहीण हसतमुखाने सही करत असेल तर ते हसू खोटं धरून चालणं हा उद्धटपणा आहे. पण मग त्या समाधानाचा आधार घेऊन ‘झालं ना, ती खुश आहे’ असं म्हणून विषय मिटवता येतो का? इथे एक साधी परीक्षा आहे, आणि ती कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय करता येते.

हक्कसोडीच्या बाजूने सगळ्यात वजनदार युक्तिवाद भावनेचा नाही, सोयीचा आहे. उताऱ्यावर चाळीस नावं असली की कोकणातली जमीन गोठते. पीककर्जाला सगळ्यांच्या सह्या, काजूची लागवड करायची तर सगळ्यांची संमती, घराच्या वाशाला हात लावायचा तर भावकीत कुरबूर. तुकडे पाडले तर कोणाच्याच हाती काही लागत नाही. मोजणीला महिने जातात. मग कोणीतरी नाव सोडलंच पाहिजे, नाहीतर कुणालाच काही करता येणार नाही. हे खरं आहे, सोळा आणे खरं. आता परीक्षा अशी: सोडायचंच असेल तर जो कसत नाही त्याने सोडावं. तीस वर्षं डोंबिवलीत राहिलेला, गावच्या भातात पाय न ठेवलेला, गणपती-शिमग्याला चार दिवस येणारा भाऊ हक्क सोडतो का? त्याचं नाव राहतं. आणि तीन वाड्या पलीकडे दिलेली, लावणीच्या दिवसांत माहेरी मदतीला येणारी बहीण कंसात जाते. नात्यासाठी सोडायचं तर नातं भावाभावांतही आहे. तिथे मात्र वाटणीपत्र होतं, आणे-पै लावून होतं, आणि त्यावरून दिवाणी कोर्टात दावेही लागतात. भाऊ भावावर दावा लावतो तेव्हा लोक त्याला भांडखोर म्हणतात. बहिणीने लावला तर तिचं माहेर संपतं.

एकाच घरात, एकाच संस्कृतीत, एकाच बापाच्या मुलांत नकाराची किंमत इतकी वेगवेगळी असेल, तर फरक संस्कृतीचा राहत नाही. सही घेताना राज्याने बघायला हवं ते हे. ती खुश होती का, ते तिचं तिला माहीत. ‘नाही’ म्हणण्याची तिला काय किंमत पडली असती, आणि ती किंमत तिच्या भावाला पडली असती का, एवढं बघावं.

‘गणपतीक खंय जाव’ हा प्रश्न भाबडा नाही. माहेर हा कोकणातल्या बाईचा विमा आहे. नवरा गेला, दारू प्यायला लागला, सासरी जाच झाला तर जायची तीच जागा. त्या विम्याचा हप्ता म्हणून ती जमीन देते. व्यवहार म्हणून बघितलं तर हप्ता फार चढा आहे, कारण विमा देणारा पुढे भाऊ नसून भावजय आणि भाचे असतात, आणि त्यांनी कुठल्याही कागदावर सही केलेली नसते. उलट जमीन तिच्या नावावर राहिली तर काय होतं याचा एक अंदाज आपल्याच देशात मिळालेला आहे. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला, २००५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की ज्या विवाहित बायकांच्या नावावर ना घर होतं ना जमीन, त्यांतल्या ४९ टक्के जणींनी नवऱ्याकडून मारहाण झाल्याचं सांगितलं. जमीन आणि घर दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. सगळा फरक मालमत्तेचाच असं कोणी म्हणणार नाही, पण एवढी तफावत डोळ्याआड करता येत नाही.

इतकी वर्षं हे सगळं धिम्या गतीने चाललं होतं. आता घाई आलीय, आणि ती बाजाराने आणलीय. महामार्ग रुंद झाला, पुण्या-मुंबईहून गाड्या आल्या, समुद्र दिसणाऱ्या कातळाला गुंठ्याचा भाव आला. जिथे गवताशिवाय काही उगवत नव्हतं तिथे ‘एनए प्लॉट’चे फलक लागले. गिऱ्हाईकाच्या वकिलाला ‘क्लिअर टायटल’ हवं असतं, त्यामुळे एजंट आधी बहिणींचे पत्ते शोधतो. वीस वर्षं ज्या बहिणीला कोणी विचारलं नाही तिच्या दारात भाऊ आणि एजंट एकाच गाडीतून उतरतात. बापाच्या तेराव्याला सगळ्या बहिणी एकत्र येतात म्हणून तिथेच सह्यांची तारीख ठरते, हे तर नेहमीचंच.

या प्लॉटच्या जाहिराती बघण्यासारख्या असतात. हीजुंग किम आणि हेझल मार्कस यांनी १९९९ मध्ये अमेरिकन आणि कोरियन नियतकालिकांतल्या जाहिराती तपासल्या, तेव्हा अमेरिकन जाहिरात ‘सगळ्यांपेक्षा वेगळे व्हा’ म्हणत होती आणि कोरियन जाहिरात ‘सगळ्यांसारखे व्हा’. आमच्या जाहिरातदाराने दोन्ही एकत्र केलंय. वर ‘तुमचं स्वतःचं’, खाली आजी, अंगण, तुळशीवृंदावन, नातवंडं, गावची ओढ. म्हणजे ज्याला गाव नाही त्याला गाव आणि गोतावळा विकायचा, आणि तो विकता यावा म्हणून ज्या बाईला खरोखरच ते गाव आहे तिचं नाव उताऱ्यावरून काढायचं. घेणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याला यातलं काही दिसत नसतं.

हाच गोंधळ मोठ्या प्रमाणावर बघायचा तर राजापूर तालुक्यात जावं. जैतापूरच्या ९,९०० मेगावॅटच्या अणुप्रकल्पासाठी माडबन आणि आसपासच्या गावांतली जमीन जुन्या १८९४ च्या कायद्याने घेतली गेली, त्यात संमती विचारण्याचा प्रश्नच नव्हता. लोकांनी सुरुवातीला धनादेश नाकारले, तेव्हा सरकारला वाटलं रक्कम कमी पडतेय. २०१३ साली मोबदला हेक्टरी साडेबावीस लाखांवर गेला. पुढे अनेकांनी तो घेतलाही, आणि त्यावरून ‘बघा, शेवटी पैशाचाच प्रश्न होता’ असं म्हणायची सोय झाली. स्वित्झर्लंडमधल्या वोल्फेनशीसेन या गावात १९९३ साली ब्रुनो फ्राय आणि फेलिक्स ओबरहोल्झर-गी यांनी लोकांना विचारलं होतं, तुमच्या गावात अणुकचरा साठवायला हरकत आहे का? ५०.८ टक्के लोक तयार झाले. मग विचारलं, दरवर्षी एवढे पैसे मिळतील, आता? होकार २४.६ टक्क्यांवर आला. देशासाठी काय करायचं हा एक प्रश्न होता. पैसे आले तसा तो आपण किती रुपयांना विकले जातो असा झाला. माडबनच्या लोकांना पहिला प्रश्न कधी विचारलाच गेला नाही. दुसराच परत परत, वाढत्या आकड्याने विचारला गेला.

आणि साखरीनाट्याच्या मच्छीमारांना तर दुसराही नाही. त्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यांचा सगळा व्यवहार खाडीशी आणि समुद्राशी, म्हणून मोबदल्याच्या यादीत ते नव्हते आणि विरोधात सगळ्यांत पुढे होते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीच्या प्रकल्पाला ८० टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीला ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक केली, सामाजिक परिणामांचा अभ्यास आणला, आणि सज्ञान व्यक्तीला, बाई असो की पुरुष, स्वतंत्र कुटुंब मानलं. कागदावर हे हक्कसोडपत्रापेक्षा पुष्कळ पुढे आहे. पण सरकार स्वतःसाठी जमीन घेतं तेव्हा ही टक्केवारी लागत नाही, आणि कोकणातले मोठे प्रकल्प कुठल्या दाराने येतात ते बारसूच्या रिफायनरीपर्यंत सगळ्यांनी पाहिलंय.

इथे एक ओढ असते, आणि ती मला धोक्याची वाटते. माणूस नात्यांत गुंफलेला आहे, एकट्याची संमती ही पाश्चात्त्य कल्पना, तेव्हा आमच्याकडे गावकीच ठरवू दे, असं म्हणण्याची. गावकी ठरवते तेव्हा काय होतं त्याची दोन्ही रूपं याच किनाऱ्यावर आहेत. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला, तो एकेकट्याने कधीच टिकला नसता. आणि त्याच रायगड जिल्ह्यातून गावकीने कुटुंबांना वाळीत टाकल्याच्या इतक्या तक्रारी आल्या की महाराष्ट्राला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. किपलिंग विल्यम्स यांचे चेंडूफेकीचे प्रयोग प्रसिद्ध आहेत: संगणकावरच्या खेळात तुमच्याकडे चेंडू येणं बंद झालं तर माणूस दुखावतो, समोर माणसं नसून यंत्र आहे हे सांगितलं तरीही. मग ज्याला गावच्या देवळात नारळ ठेवू देत नाहीत, ज्याच्या मयताला खांदा द्यायला कोणी येत नाही, त्याच्या ‘संमती’ला काय म्हणायचं? देवाला तांदळाचा कौल लावून त्याच्या तोंडून निर्णय आला तरी गाऱ्हाणं कोण घालतं आणि तांदूळ कोण वाचतं ते गावात सगळ्यांना माहीत असतं. नात्यांतला माणूस हे वास्तव आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याच कारणाने त्याला विचारायचं असेल तर नात्यांच्या थोडं बाहेर नेऊन विचारायला हवं.

हे करायला नवा कायदाही लागणार नाही, नोंदणी विभागाने नियम केले तरी बरंच होईल. वारस नोंद आणि हक्कसोडपत्र यांच्यात किमान सहा महिन्यांचं अंतर असावं, म्हणजे तेराव्याच्या सह्या बंद होतील. पत्रात बहिणीच्या हिश्शाचं क्षेत्र आणि वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणे त्याची किंमत ठळक छापावी. आज पुष्कळ बायकांना आपण किती रुपयांची गोष्ट सोडतोय हे माहीतच नसतं, आणि गट नंबरांची यादी वाचून ते कळतही नाही. तिला एकटीला, भावाला आणि वकिलाला बाहेर बसवून, अधिकाऱ्याने विचारावं. सावनींच्या अभ्यासाचा सगळा अर्थ या एका नियमात येतो. आणि तिला सांगावं की सोडणं आणि मागणं यांच्यामध्ये तिसरी वाट आहे: नाव राहू दे, कसणाऱ्या भावाला कर्ज आणि लागवडीपुरतं मर्यादित कुलमुखत्यारपत्र करून दे. पीककर्जाची अडचण त्याने सुटते, माहेरही राहतं. एजंटची अडचण सुटत नाही, पण ती सोडवणं हे नोंदणी विभागाचं काम नाही.

घरच्या गोष्टीत सरकार कशाला, असं म्हणणारे भेटतील. हक्कसोडपत्र ही घरची गोष्ट असती तर ती घरीच राहिली असती. तिच्यावर मुद्रांक चिकटवून, फोटो काढून, फेरफार पाडून ती सरकारी करून घेण्याची हौस घरालाच असते. दुसरी तक्रार कामाच्या बोजाची. तालुक्याच्या कार्यालयात सर्व्हर बंद असल्याने दिवसच्या दिवस माणसं बसून असतात, तिथे एका बाईसाठी दहा मिनिटं जास्त ही काही मोठी मागणी नाही.

त्याआधी एक गोष्ट मात्र उद्याही होऊ शकते. नोंदणी आता संगणकावर आहे. हक्कसोडपत्र कोणी केलं, कोणाच्या लाभात केलं, सोडणारी बाई होती की पुरुष, बापाच्या मृत्यूनंतर किती दिवसांत झालं आणि पुढे तीच जमीन किती महिन्यांत बाहेरच्याला विकली गेली, हे सगळं सरकारच्या दप्तरात पडून आहे. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांचे गेल्या दहा वर्षांचे आकडे तालुकावार जाहीर करावेत. अधिवेशनात कोकणातल्या कुठल्याही पक्षाच्या एका आमदाराने तारांकित प्रश्न टाकला तरी पुरे.